विषाणूंची भावकी

ऑफिसात चहा चांगला मिळत असला की किस्से आपोआप साठतात म्हणे. आमच्या चिंचवडच्या लॅबमधला चहा एकदम बेकार, तरी किस्से साठले, कारण आमचं कामच भानगडीचं! कुठला विषाणू कुणाचा सख्खा, कुणाचा चुलत, हे त्यांच्या जीनोमवरून शोधायचं. त्यात बिल्डिंगचे मालक आबा, जुने गावकरी. रोज एक चक्कर मारणार म्हणजे मारणार.

*

पहिल्यांदा आले, तेव्हा स्क्रीनवर विषाणूंच्या नात्यांचा फांद्याफांद्यांचा तक्ता होता. आबांनी चष्मा लावला.

"वारसनोंद दिसतीय. समद्यांच्या सह्या झाल्या का?"

"आबा, हे विषाणू आहेत," आमच्या मॅडम म्हणाल्या. "हे बघा, गोवर आणि गालगुंड एकाच कुळातले."

"व्हय की! एकानं अंग घेतलं, दुसऱ्यानं गाल. वाटणी झालीया!"

*

देवी आणि कांजिण्या सख्खे भाऊ, यावर आबा अडून बसले. दोन्हीत फोडच येतात ना! मॅडमनी समजावलं, की दिसण्यावर जायचं नाही, दोघांची घराणी पूर्ण वेगळी आहेत.

"आस्सं! म्हंजे नुसते आडनावबंधू."

*

डेंग्यूचं आमच्या विकासनं सांगितलं. "चार भाऊ आहेत आबा. एक होऊन गेला की तो सहसा परत येत नाही, पण बाकीचे तिघे मोकळेच!"

आबांनी सुस्कारा सोडला. "आमच्यात बी एकाशी मिटवलं की दुसरा कोर्टात."

*

हा विकास बीडचा. आबांची एकुलती एक मुलगी अश्विनीही आमच्याच लॅबमध्ये. दोघांचं जमलंय याचा कुणाला पत्ता नव्हता. मग एकदा अख्ख्या लॅबला सर्दी झाली आणि मॅडमनी हौसेनं सगळ्यांच्या नाकातले नमुने मशीनला लावले. रिझल्ट आला. आम्ही सगळे एका फांदीवर, हे दोघे भलत्याच फांदीवर, तेही अगदी चिकटून!

"आम्हाला एकमेकांकडून लागली," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी कुठून आणलीत?"

"लोणावळ्याहून," विकास बोलून गेला. अश्विनीनं टेबलाखालून त्याला लाथ घातली.

*

प्रकरण आबांपर्यंत गेलं. आबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. पोराचा डोळा जमिनीवर आहे, असं भावकीनं त्यांच्या डोक्यात भरवलेलं. अश्विनी जेवेना, विकास नमुन्यांना उलटीसुलटी लेबलं लावायला लागला. खरंच वाईट वाटायचं हो. शेवटी मॅडम आणि मी त्याला घेऊन आबांच्या घरी मागणी घालायला गेलो.

आबा बनियनवर कण्हत पडलेले. कमरेला नागीण उठली होती.

"ही ब्याद कुठनं आली मधीच?"

विकास चाचरत म्हणाला, "आली नाही आबा. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील ना, तोच विषाणू. तेव्हापासून अंगातच गप पडून होता. मालक थकला की उठतो."

आबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"म्हंजे घरजावई!"

आबा कोपरावर टेकून अर्धवट उठले.

"लग्न झाल्यावर तुजं ऱ्हायचं कुठं ठरलंय, पोरा?"

"रावेतला फ्लॅट घेतलाय आबा. माझ्या पगारावर."

आबा कण्हत कुशीवर वळले आणि स्वयंपाकघराकडे ओरडले, "अगं ए, पोहे टाक!"