सहा घरांचे दोन हंडे

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर आटली. रोज संध्याकाळी टँकर यायचा, त्यावर आमची सहा घरं जगत होती. माझं लेकरू अंगावर पीत होतं. टँकर चुकला असता तर माझं दूध आटलं असतं, एवढं साधं होतं ते.

बाजारच्या दिवशी दुष्काळी कामावरच्या खडी फोडण्याला सुट्टी असायची. अशाच एका दुपारी ग्रामसेवक एका मुलीला घेऊन आले. पुण्याची, पण विलायतेत पदवीच्या पुढचं शिकणारी. विषय म्हणे गरीब देशांचा विकास आणि तिथलं पाणी, माती, झाडं. मी चौथी शिकलेली. आमची भांडी बघून कुणाला पदवी मिळते, हे ऐकून मी चाटच पडले.

कालच्या टँकरचं किती पाणी उरलं, हे ती घरोघरी बघणार होती. उरलं होतं घरटी तीन-चार तांबे. पण पाहुण्याला रिकामं भांडं दाखवायचं नाही, ही आमची रीत. मुलगी बघायला पाहुणे आले की शेजारची भांडी आणून मांडायची, तसंच सासूनं केलं. सगळ्या घरांचं पाणी गोळा करून दोन हंडे भरले. पुण्याची मुलगी हंडे बघून ओसरीवर चहा पीत लिहायची, तोवर हंडे मागच्या दारानं पुढच्या घरात जायचे.

"हळू ने गं," शेजारीण हसू दाबत म्हणाली. "नवरी हाय ती, सहा घरं मिरवायचीय!"

मीही हसले.

शेवटच्या घरी मुलीनं वही मिटली. ग्रामसेवकांना म्हणाली, "इथं प्रत्येक घरात दोन हंडे शिल्लक आहेत. पलीकडच्या वाडीत तर काहीच नव्हतं."

"मग हितला टँकर दिवसाआड करू," ग्रामसेवक म्हणाले. "आजचा तिकडं जाऊ द्या."

मी सासूकडे पाहिलं, ती जमिनीकडे बघत होती. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. घरात पोरं तहानलेली, आणि आजचा टँकर डोळ्यांदेखत हातचा चाललेला!

"ताई, हंडे दोनच हायेत," मी म्हणाले. "तुमी फुडं लिव्हत हुता, आमी मागनं नेत हुतो."

"गप बस, भवाने!" सासू ओरडली.

"म्हणजे सहा घरांत मिळून दोन?" मुलीनं विचारलं.

"व्हय. तुमचा चहा बी त्यातलाच."

मुलगी सहा घरी सहा कप प्याली होती. ती उठली आणि मागच्या दारानं एकेका घरात शिरून रांजणात वाकून पाहू लागली. आमच्या रांजणावर बराच वेळ वाकून राहिली. मग सासूला विचारलं, "आजी, मला खोटं का दाखवलंत?"

"तू पाव्हनी. पाव्हनीला काय कोरडा रांजन दावायचा?"

मुलीनं वहीतली पानं खोडली. टँकर त्या संध्याकाळी आमच्याकडेच आला. पलीकडच्या वाडीचं काय झालं, मी विचारलं नाही.

सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पाणी मात्र मी भरलेलंच प्यायची.