हेमराजनं उघडं ठेवलेलं दार

सिंदी रेल्वे या गावात कोणाचं वायफाय रुसलं की लोक हेमराजला फोन करतात. कॅमेरे बसवणं, प्रिंटर सुधारणं ही त्याची कामं. पण नेटवर्क तपासायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर हाती लागलं आणि गडी स्वतःला सायबर तज्ज्ञ म्हणवून घेऊ लागला. पाटीसुद्धा रंगवून घेतली. ‘तज्ज्ञ’ हा शब्द त्याला अजूनही न बघता लिहिता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

सदाशिवरावांच्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातलं कॉम्प्युटरचं काम यंदा नागपूरच्या कंपनीला द्यायचं की गावच्या हेमराजला, हे ठरायचं होतं. हेमराज इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप घेऊन हजर झाला. नेटवर्कला पोर्ट नावाची दारं असतात, त्यातलं कुठलं उघडं आहे ते आपलं सॉफ्टवेअर बाहेरून ठोठावून सांगतं, असं त्यानं थाटात समजावलं. दोन मिनिटांत निकाल आला, सगळी बंद. हेमराजची छाती फुगली.

किती दारं पाहिली, असं सदाशिवरावांनी विचारलं. नेहमीची हजार पाहिली, एकूण पासष्ट हजार आहेत, असं त्यानं सांगितलं.

सदाशिवरावांची हयात कापसात गेलेली. गाडी आली की कोपरापर्यंत हात खुपसून ते तळातला कापूस काढत, मगच भावाचं बोलत.

“वरचा कापूस त सारेच चांगला ठेवतात,” ते म्हणाले. “तळचा काढून पाह्य.”

सगळी दारं ठोठावेपर्यंत दोनदा चहा झाला. शेवटी एक उघडं सापडलं, आणि हेमराजनं ते लगेच ओळखलं. कॅमेऱ्यांचं ते दार दोन वर्षांपूर्वी इथले कॅमेरे बसवताना त्यानंच उघडलं होतं. बिघाड झाला तर उन्हात यायला नको, घरूनच पाहता यावं, एवढाच हेतू. पासवर्ड एक ते आठ. चोर शोधायला निघालेल्या शहाण्यानं चोरासाठी कडी स्वतःच काढून ठेवली होती.

सदाशिवरावांना स्क्रीनवरचं काही कळत नव्हतं. गुपचूप बंद केलं असतं तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. काम हातचं जाणार म्हणून हेमराजचा जीव तुटत होता. पण त्याहून जास्त त्याला लाज वाटली.

“काकाजी, हे मीच उघडं ठेवलं होतं.”

सदाशिवरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

“असं आणखी किती ठिकाणी करून ठेवलं? त्या साऱ्याईले जाऊन असंच सांग. मंग कामाचं बोलाले येजो.”

हेमराज बोटांवर मोजू लागला. सतरा ठिकाणं निघाली. पहिलंच सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, आणि सासरे गल्ल्यावर बसून आल्यागेल्याला जावयाच्या हुशारीच्या गोष्टी सांगत असत.