संघप्रिया रडली नाही

सोलापूरच्या एसटी स्टँडवर संघप्रिया बारा वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसत आली होती. करमाळ्याची गाडी लागली का, वैरागमार्गे बार्शी किती वाजता, असं विचारायला माणसं यायची आणि गाडीला उशीर असला की तिथंच उभी राहून घरचं सांगत बसायची. एकदा एक बाई कडेवर पोर घेऊन सकाळपासून फलाटावर बसली होती. चार वाजता खिडकीशी आली आणि म्हणाली, "ताई, कुठली पण गाडी सांगा." संघप्रियाला गाड्यांच्या वेळांपलीकडं काही सुचलं नाही. बाई समोर दिसेल त्या गाडीत चढून निघून गेली.

ते तिच्या मनातून जाईना. पुढच्याच महिन्यात तिनं जुळे सोलापुरात चालणाऱ्या समुपदेशनाच्या पदविकेला नाव घातलं. वर्षभर, दर रविवारी वर्ग. वय एकोणचाळीस. नवरा धम्मदीप वायरमन होता. "आता या वयात दप्तर का?" म्हणून हसला, पण दर रविवारी गाडीवर सोडायला तोच यायचा.

शिकवायला गुरुराज सर होते. माणूस वाईट नव्हता. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायची घाई करायची नाही, हे संघप्रिया त्यांच्याकडूनच शिकली. पण त्यांचा एक हट्ट होता. ज्यानं स्वतःची जखम उघडी केली नाही, त्यानं दुसऱ्याच्या जखमेला हात लावू नये, असं ते म्हणायचे.

सहाव्या रविवारी त्यांनी सगळ्यांना आपापल्या आयुष्याची रेषा काढायला लावली. सुख वर, दुःख खाली. मग एकेकानं उठून वाचायचं. वर्गातली सगळ्यात लहान प्रियंका वाचता वाचता हुंदके द्यायला लागली. सरांनी तिचं कौतुक केलं आणि तिचा कागद भिंतीवर लावला. प्रियंका नंतर दिवसभर त्या भिंतीकडं पाठ करून बसली.

संघप्रियाची पाळी आली. तिचे वडील, भीमा, हे महापालिकेच्या बागेत माळी. त्यांनी तिला गुलाबाची कलमं बांधायला शिकवलं, तिथं रेषा वर. आई चांगुणा टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती. तिच्या हातचं मटण शिजलं की गल्लीभर वाट्या जायच्या, तिथंही वर. वडील गेले तिथं खाली. मग पुन्हा वर.

सरांनी चष्मा काढला. "आणि तुमच्या समाजानं जे सोसलं? ते कुठं दिसत नाही."

"रेषा माझी काढायला सांगितली होती, सर."

"तुम्ही दडपताय. इथं मोकळं व्हा. सगळे आपलेच आहेत."

"मी मोकळीच आहे की. तुम्हाला रडणं पाहिजे, ते आज माझ्याकडं न्हाय."

वर्गात कुणीतरी खाकरलं. सरांनी तिच्या वहीत शेरा लिहिला: 'स्वतःला उघड करत नाहीत.'

तिच्याकडं सांगण्यासारखं नव्हतं असं नाही. त्या वर्गापासून दोन गल्ल्यांवर चार वर्षांपूर्वी तिचा नि धम्मदीपचा भाड्याचा फ्लॅट ठरला होता. मालकानं चहा पाजला, मग आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भाचा राहायला येणार असल्याचं निघालं. धम्मदीप दोन दिवस जेवला नव्हता. हे सांगितलं असतं तर वर्ग हळहळला असता, शेराही चांगला पडला असता. पण ते धम्मदीपचंही होतं. दुसऱ्यांच्या अभ्यासाला तोंडी लावायला ते नव्हतं.

"सांगून टाकायचं की," धम्मदीप घरी म्हणाला. "मला काय वाटणार नाही."

"मला वाटतं," ती म्हणाली, आणि विषय संपला.

मग प्रत्यक्ष कामाचे महिने आले. तिच्याकडं सांगोल्याकडची गोजाबाई आली. तिचा नवरा येडू मेंढरांमागं असताना अपघातात गेला होता. तिला घेऊन आलेला मुलगा जोतिराम म्हणाला, "आबा गेल्यापास्नं आई बोलंनाच झालीया, मॅडम."

संघप्रियानं त्याला बाहेर बसवलं. म्हातारीपुढं पाणी ठेवलं आणि वही मिटून बसली. शेवटी म्हातारीच म्हणाली, "तू बी इचारणार का, कसं वाटतंय म्हणून?"

"नाही. सांगावंसं वाटलं तर सांगा. नाहीतर नका सांगू."

"आन् तुजा सायब रागावला तर?"

"माझ्यावर रागावंल. तुमच्यावर न्हाय."

गोजाबाई पहिल्यांदा हसली. त्या दिवशी ती फक्त मेंढरांबद्दल बोलली. कुठली आडमुठी, कुठली व्यालेली, कुणाचं कोकरू कुणाला लुचतं, सगळं. तिसऱ्या खेपेला मात्र तासभर आतलं बोलली. उठताना तिनं संघप्रियाचा हात धरला. "ह्ये कागदावर घालू नगंस, बाई."

"नाही घालणार."

महिनाअखेर वर्गात अहवाल वाचायचा होता. संघप्रियानं भेटी किती झाल्या, बाईंची झोप कशी सुधारली, जेवण कसं वाढलं, एवढंच वाचलं.

"त्या नेमकं काय बोलल्या?" सरांनी विचारलं.

"लिहू नको म्हणाल्यात."

"नाव बदलून लिहा. तशी पद्धत आहे."

"नाव बदललं तरी गोष्ट त्यांचीच राहते, सर."

"गुण जातील."

"जाऊ द्या." तिनं वही उघडून पुढं केली. "समोरच्याचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही, हे पहिल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत. हे बघा, तारखेसकट लिहून घेतलंय. ते खरं होतं, का नुसतं लिहून घ्यायला होतं?"

सरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून प्रियंका उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं आपला कागद काढून घेतला. घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिला कुणी अडवलं नाही.

संघप्रिया पास झाली, पण काठावर. वहीतला शेरा सरांनी शेवटपर्यंत खोडला नाही. तिनंही तो खोडा म्हणून विनवलं नाही. फक्त त्याखाली 'मला हे मान्य नाही' असं लिहून सही केली.

आता साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती वस्तीतल्या दवाखान्यात बसते. परवा तिथं जोतिरामचा फोन आला.

"मॅडम, आई आता चांगली बोलती. पण तवा तुमाला काय सांगितलं ते आमाला सांगंना."

"मग आईलाच विचारा की."

"इचारलं. ती म्हणती, त्या बाईला इचार, सांगती का बघ."

संघप्रिया मोठ्यानं हसली. "नाही सांगत, म्हणावं," ती म्हणाली, आणि फोन ठेवून तिनं बाकावरच्या पुढच्या बाईला आत बोलावलं.