तुमच्या लेकीला टोचलं का?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पाथर्डीच्या बाजूला देवीची लस टोचायच्या कामावर होतो. सरकारी कागदावर माझा हुद्दा व्हॅक्सिनेटर होता, पण गावोगाव मला 'देवी डॉक्टर' म्हणत. मी डॉक्टर नव्हतो. मॅट्रिक झाल्यावर नगरला थोडे दिवस शिकवलं, हातात एक थर्मास आणि सुयांची डबी दिली आणि सायकलवर पाठवून दिलं. पंधरा वेळा हलकेच टोचायचं, रक्ताचा ठिपका दिसला की झालं. आठव्या दिवशी परत जाऊन फोड आला का ते बघायचं. चार-पाच वर्षांत माझा हात इतका बसला होता की पोर रडायला लागायच्या आत मी सुई बाजूला ठेवलेली असायची.

आणि माझी स्वतःची मुलगी चार महिन्यांची झाली तरी तिला मी टोचलं नव्हतं.

ती आठव्या महिन्यात जन्मली होती. तिच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता, तो चाळीस दिवसांचा होऊन छातीत कफ साठून गेला. लसीशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याला टोचायची वेळच आली नव्हती. पण या मुलीला हातात घेतलं की माझी नजर तिच्या दंडावर जायची. तो दंड माझ्या अंगठ्यापेक्षा फार जाड नव्हता. आधी मी बायकोला म्हणालो, जरा वजन वाढू दे. मग म्हणालो, थंडी सरू दे. थंडी सरली, तेव्हा म्हणालो की उन्हाळा फार कडक आहे. ती दर वेळी "बरं" म्हणायची. पुढं काही विचारायची नाही.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. गावं ओस पडली होती आणि माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्यामुळे मीही गावात न जाता कामावरच जायचो. असाच एकदा एका रस्त्याच्या कामावर पोचलो. बाभळींना झोळ्या बांधून तान्ही पोरं निजवली होती. मुकादमानं बायकांना अर्धा तास सुट्टी दिली आणि मी एका दगडावर बसून टोचायला लागलो.

शेवटी एक पोरसवदा बाई राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मूल छातीशी धरून ती मागंच उभी होती. मी हात पुढं केला तशी म्हणाली, "मला न्हाई टोचून घ्यायचं ह्याला."

बाकीच्या बायका तिला बोलायला लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि नेहमीचं सांगितलं. "काही होत नाही. फोड येतो, दोन दिवस ताप येतो, मग खपली धरते. देवी आल्या तर मात्र..."

"ते ठावं हाय मला," ती म्हणाली. "माझ्या भावाला देवी आल्या हुत्या. त्याचे दोनी डोळे गेले."

"मग अडचण काय आहे?"

"ह्यो लई बारका हाय. ह्याला झेपंल का?"

मी पोराकडं पाहिलं. बारीक होतं, पण नजर चांगली होती. ताप नव्हता, खोकला नव्हता. झेपेल, असं मी सांगणार तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमाला हाय का लेकरू?"

"आहे. मुलगी. चार महिन्यांची."

"तिला टोचलं का?"

"टोचलं ना," मी म्हणालो.

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडं पाहिलं, खाली बसली आणि पोराचा हात मोकळा करून माझ्यापुढं धरला. मी टोचलं. पोर जरा रडलं आणि आईच्या पदराखाली जाऊन गप्प झालं.

सायकलवरून परत येताना मला ती नजर दिसत राहिली. घरी आलो, जेवलो, मुलीला मांडीवर घेतलं. बायकोला सांगावं असं वाटलं, पण जीभ रेटेना. पुढचे सात दिवस मी इतर कामांवर फिरलो. त्या दिवसांत कुणी माझ्या घरचं विचारू नये म्हणून मी बायकांशी फारसं बोलतच नव्हतो.

आठव्या दिवशी त्या कामावर गेलो. बहुतेक पोरांचे फोड चांगले भरले होते. ती बाई मात्र कामावर नव्हती. बाभळीखाली पोराला घेऊन बसली होती. पोराचं अंग तापलं होतं आणि दंड लाल झाला होता.

"कालपासनं असाच हाय," ती म्हणाली. "दूध पितोय, पर किरकिर लई. तुमच्या लेकीलाबी असाच ताप आल्ता का?"

हो म्हटलं असतं तर तिला धीर आला असता. माझ्या मनात तेच आलं. पण तिच्यासमोर बसून दुसऱ्यांदा ते माझ्यानं होईना.

"बाई," मी म्हणालो, "मी त्या दिवशी खोटं बोललो. माझ्या मुलीला अजून टोचलेलं नाही."

तिनं पोराच्या कपाळावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी तुमच्या तोंडाकडं बगून ह्याला दिला. न्हाईतर दिला नसता."

"माहीत आहे."

"का न्हाई टोचलं तिला?"

मी सांगितलं. आठव्या महिन्यातली आहे, आधीचा मुलगा गेला, हात धजत नाही. ती ऐकत होती. तिचा राग गेला नव्हता, पण तिनं तोंडही फिरवलं नाही.

"भ्या वाटतं म्हना की," ती म्हणाली. "मलाबी वाटलं हुतं. बरं, आता ह्याचा दंड नीट बगा आन् खरं काय ते सांगा."

मी पाहिलं, एकदा पाहून पुन्हा पाहिलं. "फोड जसा यायला हवा तसाच आलाय. ताप उद्या-परवा उतरेल. मी परवा परत येतो. तोवर अंगावर पाजत राहा, फोडाला काही लावू नका."

"या," ती म्हणाली. "आन् तिलाबी टोचा. लोकांच्या लेकरावर हात बसवलाय तुमी."

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. या कामातलाच माणूस टाळतोय, म्हणजे त्यात काही वाईट असणार. म्हणून मी विचारत नव्हते. रोज तिचं अंग चाचपून बघत होते."

आपलं लांबणीवर टाकणं तिला इतके महिने कसं दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या मनात फक्त माझी भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मुलीला मांडीवर घेतलं. मी सुया उकळल्या, लसीची पूड कालवली. सुई उचलली आणि परत खाली ठेवली. बायको म्हणाली, "तुम्ही बसा जरा. घाई नाही." मी बसलो, पाणी प्यालो. मग टोचलं. मोजून पंधरा वेळा. मुलगी तिसऱ्या-चौथ्यालाच रडायला लागली आणि कुठल्याच पोराचं रडणं मला तेवढं लांब वाटलं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे खडीच्या कामावर गेलो. पोराचा ताप उतरला होता आणि आई पुन्हा हातोडा घेऊन बसली होती. "टोचलं," मी लांबूनच सांगितलं. तिनं मान हलवली आणि झोळीकडं बोट दाखवलं, बघून घ्या म्हणून.

आमच्या मुलीलाही पुढच्या आठवड्यात ताप आला. मी दोन दिवस रजा काढली. इतरांना दोन दिवसांचा ताप असं मी किती सहज सांगायचो. ते दोन दिवस केवढे मोठे असतात हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग गार लागलं आणि ती दूध पिऊन हसली. बायको तिला मांडीवर तशीच धरून कितीतरी वेळ बसली होती.

खपली धरल्यावर बायको तिला घेऊन नळावर जायला लागली. आमच्या आळीतल्या बायका दंड बघायच्या, विचारायच्या. तेव्हा कळलं की आळीतल्या दोघी-तिघींनी आपली पोरं आमच्याकडं बघून थांबवली होती. देवी डॉक्टरनं स्वतःच्या मुलीला टोचलं नाही, मग आपण कशाला टोचायचं, असा त्यांचा हिशेब. माझ्या बायकोनं त्यांच्यापासून काही लपवलं नाही. "हे घाबरत होते," तिनं सरळ सांगितलं. "मीही घाबरत होते. ताप आला, दोन दिवस फार जड गेले. आता बरी आहे."

मला ते ऐकून ओशाळल्यासारखं झालं. रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा त्या बायका पोरं घेऊन आमच्या दारात येऊन बसल्या. बायकोनं त्यांना चहा दिला आणि मला म्हणाली, "आटपा लवकर, बायका खोळंबल्यात."