आधी वर जातो, मग सही

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेले गहू चाळत होतो. "भाऊजी, ह्यांनी चहा मागितला, अन् कप हातात घ्यायच्या आधीच मान टाकली हो..." एवढंच त्या बोलू शकल्या. दिनकर गेला. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की रॅम्प अजून अर्धाच झालाय. जिवलग मित्राच्या जाण्याची बातमी ऐकून माणसाला सिमेंट आठवावं, याची तेव्हा लाज वाटली होती. आता पाच आठवड्यांनी वाटत नाही.

आम्ही दोघं पाचोडचे, एका वर्गातले. पोलिओनं त्याचे दोन्ही पाय लहानपणीच गेले होते. शाळेच्या वाटेवर ओढा लागायचा, तिथं मी त्याला पाठीवर घ्यायचो. बाजारच्या दिवशी येणारे-जाणारे म्हणायचे, "पोरगं लई गुणाचं हाय." म्हणजे मी. पाठीवर बसलेल्या पोराला काय वाटत असेल, हे मी पुढं चाळीस वर्षं विचारलं नाही. पुढं शहरात आलो. मी सरकारी इंजिनिअर झालो आणि दिनकरनं कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्ज लिहून द्यायचं टेबल मांडलं. आधी टाइपरायटर, मग लॅपटॉप. शेजारी त्याची हातानं चालवायची तीनचाकी सायकल. दोन हजार सोळाचा कायदा आला, अपंगत्वाचे सात प्रकार होते त्याचे एकवीस झाले, तेव्हा त्यानं तो अख्खा कायदा छापून आणला आणि कलमं पाठ केली. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, येणाऱ्या माणसाला तो कार्डाआधी कलम ऐकवायचा. मी एकदा विचारलं, नवं काय रे यात? म्हणाला, "आधी अपंग, मग विकलांग, आता दिव्यांग. नाव तीनदा बदललं श्रीकांता, पायरी तीच हाय. ह्यात पायरीबद्दल लिवलंय, म्हणून वाचतो."

पायरीचं काम माझ्याच गळ्यात आलं. कचेरीचं जोतं तीन फूट उंच. नियमानं एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, म्हणजे छत्तीस फूट. दारापासून फाटकापर्यंत जागा होती चौदा फूट. वळण घेऊन बसलं असतं, पण त्यासाठी साहेबांच्या गाडीची शेड हलवावी लागली असती. मी चौदा फुटांत रॅम्प बसवला, वर चकचकीत फरशी टाकली आणि दुचाकी चढू नयेत म्हणून साखळी लावली. साखळीची किल्ली वरच्या मजल्यावर. हसू नका, तेव्हा ही व्यवस्था मला फार हुशारीची वाटली होती.

रॅम्प वापरण्यायोग्य असल्याचा अहवाल वर जायचा होता. त्यावर एका दिव्यांग व्यक्तीची सही लागणार होती. मी अर्थातच दिनकरकडे गेलो. त्यानं कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. "आधी वर जातो, मग सही." साखळी काढली. अर्ध्यात चढ त्याच्या हातांना पेलेना, सायकल मागं सरकली. मी धावलो, जुन्याच सवयीनं पाठीमागून हात लावला. "हात काढ," तो म्हणाला. "तू ढकललंस तर मंग सही बी तूच कर."

मला राग आला. इतक्या वर्षांची दोस्ती, एक सही देत नाही! मी आमच्याच एका लिपिकाला बोलावलं. त्याचा डावा हात अधू, पाय ठणठणीत. तो रुबाबात वर चढून गेला आणि सही करून मोकळा झाला. कागद बिनचूक होता. दिनकरला कळलं तेव्हा तो भांडलाही नाही. "हाताच्या माणसाला पायाचं इचारलंस? झ्याक. उद्या माझ्याकडून चष्म्याचा नंबर काढून घे." त्यानंतर आम्ही बोलत होतो, चहाही पीत होतो, पण त्यानं मला पुन्हा कधी कलम ऐकवलं नाही. ते मला फार लागलं.

निवृत्तीनंतर एका सकाळी मी त्याच्या टेबलासमोर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसलो. अर्ज लिहायचाय म्हटलं, रॅम्पच्या अहवालाबद्दल. मी सांगत गेलो, तो टाइप करत राहिला. बाजूला चाकाच्या खुर्चीत बिडकीनची शबाना बसली होती. त्याच्याकडूनच कार्ड काढून घेतलं आणि मग तिथंच टायपिंग शिकायला राहिली. एका जागी दिनकर थांबला. "‘चूक झाली’ लिहू, का ‘खोटं लिहिलं’ लिहू?" मी म्हणालो, "खोटं लिहिलं." त्यानं मान हलवली आणि तसंच टाइप केलं... अर्ज टाइप झाल्यावर म्हणाला, "ओढ्यात पाठीवर घ्यायचास ना, तवा लई वाटायचं, दगडं टाकून वाट केली असती ह्यानं तर..."

अर्जामागून अर्ज गेले, शबाना टाइप करायची, तो कलमं सांगायचा. शेवटी शेड हलली, जुना रॅम्प फोडून नव्याचं काम सुरू झालं. दिनकर रोज फाटकाशी सायकल उभी करून खिशातल्या टेपनं माप घ्यायला लावायचा. गवंडी वैतागायचे. शेवटच्या भेटीत मी म्हणालो, अजून दोन आठवडे. "व्हय," तो म्हणाला, "घाई नाय. फकस्त छत्तीसचे पस्तीस नको." दोन आठवडे त्याला मिळाले नाहीत. माझ्या साहेबी हुशारीनं त्याची किती वर्षं खाल्ली, हा हिशेब मी करत नाही, पण तो मला सोडतही नाही.

गेल्या सोमवारी रॅम्प झाला. छत्तीस फूट, मध्ये वळण, दोन्ही बाजूंनी कठडा. नव्या साहेबांनी कागद पुढं केला, सहीसाठी शबानाला बोलावलं होतं. वहिनींनी दिलेली दिनकरची टेप माझ्या खिशात होती. शबानानं कागद वाचला, घडी केली, मांडीवर ठेवला. वळणावर ती श्वास घ्यायला थांबली, तसा शिपाई पुढं झाला.

"धक्का नक्को, चाचा," ती म्हणाली. "आधी वर जाते, मग सही."

मी खाली उभा होतो, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. वर पोचल्यावर तिनं पेन मागितलं.