शेंडी ठेवणारा न्हावी

कर्वेनगरला आमच्या सोसायटीने लहान मुलांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवला, तेव्हा आयटीतले बत्तीस तरुण डोकं भादरून घ्यायला रांगेत बसले. प्रत्येक डोक्यामागे देणगी ठरली होती. न्हावी बाहेरून आला होता. वस्तरा लावण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, "वडील आहेत ना? मग शेंडी ठेवतो. पूर्ण चकोट करायचं नसतं."

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "माझे नाहीत. सगळे काढा."

उपचार संपवून आलेली माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. चार महिने तिने घराबाहेर टोपी काढली नव्हती. टोपीखालून डोकावणारे अर्ध्या इंचाचे केस पाहून न्हावी म्हणाला, "ताई, शेंड्या सोडल्या तर या रांगेत सगळ्यांत लांब केस तुझेच की!"

तिने सगळी डोकी नीट पाहून घेतली आणि टोपी माझ्या हातात दिली. उघड्या डोक्याने खेळायला पळालेल्या तिला मी बघत राहिलो. त्या भल्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.