पोपटरावांची कच्ची वही

डिंडोलीतल्या पोपटरावांच्या घरी रंभाबाईंचे दागिने पत्र्याच्या डब्यात आणि नवऱ्याच्या जुन्या वह्या लोखंडी कपाटात, कुलपात, असा उलटा कारभार होता. खाडीचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी या गृहस्थाने आधी वह्या माळ्यावर चढवल्या, मग बायकोला हात दिला. रंभाबाई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि पोपटराव ओशाळण्याऐवजी खुशाल हसत.

वह्या समुद्रावरच्या होत्या. तरुणपणी पोपटराव एका सागरी गस्तीच्या तुकडीत कारकून होते. जहाज मोहिमेवर निघालं की रोजची नोंद त्यांच्याकडे. हवा कशी, आजारी कोण, बोट उतरवली तर तीत कोण बसलं. आधी कच्च्या वहीत पेन्सिलीने, कारण खाऱ्या पाण्याने शाई फुटते. पक्की प्रत बंदराला लागल्यावर. नोकरी संपल्यावर ते पांडेसऱ्याच्या एका मिलच्या गेटवर हजेरी लिहीत राहिले, पण जीव सगळा त्या वह्यांत.

गेल्या वर्षी तुकडीच्या एका साहेबांनी तुकडीचा इतिहास लिहायला घेतला. कचेरीतल्या पक्क्या प्रती वाळवीने खाल्लेल्या. पोपटरावांना फोन आला आणि म्हातारा दहा वर्षांनी लहान झाला. इस्त्रीचा शर्ट घालून अकराच्या अकरा वह्या त्यांनी साहेबांच्या हाती दिल्या.

तिथून ते थेट नवागामला, प्रमिलाबाईंकडे गेले. त्यांचा नवरा हिलाल त्याच जहाजावर खलाशी होता. पंचवीस वर्षांपूर्वी वादळात बुडणाऱ्या मच्छीमारांना काढायला बोट उतरली, तीत तो होता. सात माणसं ओढून काढली. गावी सांगितलं तर भाऊबंदांनी टिंगल केली, हिलाल बाता मारतो म्हणाले. ती टिंगल ऐकतच तो गेला.

"आता छापून येईल, वहिनी," पोपटराव म्हणाले. "माझ्या वहीत आहे सगळं."

छपाईआधी साहेबांनी पानं वाचायला पाठवली. बोटीवरच्या चौघांत हिलाल नव्हता, ललित नावाचा दुसराच खलाशी होता. पोपटरावांनी तणतणत फोन लावला. साहेबांनी उत्तरादाखल वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 'बोटीवरचे लोक : कालप्रमाणे.' अक्षर त्यांचंच.

मग सगळं आठवलं. त्या मोहिमेत बोट रोज उतरे आणि तीत तेच चौघे असत, ललित त्यांतला एक, म्हणून 'कालप्रमाणे' लिहायची कारकुनी सवय. त्या दिवशी ललित तापाने पडला आणि हिलाल आपणहून बोटीत उतरला. पोपटराव बादली धरून ओकत होते. कसेबसे शब्द खरडले आणि आडवे झाले. पुढे पक्की प्रतही तशीच उतरवली.

"मी शपथेवर लिहून देतो, साहेब. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"दादा, नोंदच नसती तर तुमचा शब्द घेतला असता. दोन ठिकाणी तसा घेतलाही आहे. पण नोंद असेल तिथे नोंदच धरायची. आणि ही तुम्हीच जपून ठेवलेली."

बोटीवरच्या चौघांपैकी आता कोणी उरलं नव्हतं. पोपटरावांना स्वतःचीच भयंकर चीड आली. वह्या रद्दीत घातल्या असत्या तर हिलालचं नाव वाचलं असतं.

प्रमिलाबाईंना सांगायला ते स्वतः गेले. काही न लपवता सांगितलं.

"भाऊ, मीबी त्यासनं कधी खरं मानं नही. तुम्ही सांगं तवय मानं. फोटोपुढे माफी मांगी मी."

"वहिनी, तो बोटीत होता. माझ्या मुलांची शपथ."

"मन्हं मन राखाकरता तं नही ना बोलनात तुम्ही?"

पोपटराव पुन्हा सांगू लागले, लाटा केवढ्या होत्या, हिलालच्या कमरेला दोर कोणी बांधला. प्रमिलाबाई ऐकत होत्या. मग चहा ठेवायला उठल्या.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," त्या आतून म्हणाल्या. "वहीमा से तेच खरं व्हई."